आहार्याभिनय आणि रंगशिल्पी : नाट्यशास्त्राच्या एका उपेक्षित वाचकाविषयीं

१

भरतप्रणीत नाट्यशास्त्राचे वाचक आजवर मुख्यतः दोन वर्गांत मोडत आले आहेत. पहिला वर्ग साहित्यमीमांसकांचा. त्यांचें लक्ष सहाव्या व सातव्या अध्यायांवर, म्हणजे रस व भाव यांवर, खिळलेलें असतें. आणि तें योग्यच आहे, कारण आनंदवर्धनापासून जगन्नाथापर्यंतचा रसविचार त्या दोन अध्यायांच्या पायावर उभा आहे. दुसरा वर्ग नर्तकांचा व संगीतज्ञांचा. ते हस्त, चारी, करणें, स्वर आणि ताल यांचे अध्याय पाहतात. ह्या दोहोंवांचून एक तिसरा वाचक आहे, आणि त्याचें नांव आपल्या चर्चेंत क्वचितच येतें. तो म्हणजे मंडप आंखणारा, पडदा व वेष सिद्ध करणारा रंगशिल्पी. दुसरा अध्याय मंडपाचा, तेरावा कक्ष्याविभागाचा आणि एकविसावा आहार्याभिनयाचा. हे तीन त्याचे अध्याय होत. (कांहीं आवृत्तींत शेवटच्या दोहोंचे अंक चौदा व तेवीस असे पडतात, हें जिज्ञासूंनीं ध्यानांत ठेवावें.)

प्रस्तुत लेखांत असें दाखवावयाचें आहे कीं, ह्या तिसऱ्या वाचकाचें वाचन हें केवळ कारागिराचें कुतूहल नसून, ग्रंथार्थ लावण्याचें तें एक स्वतंत्र साधन आहे. आणि मराठी रंगभूमीवर त्या वाचनाचे जे अवशेष कागदांत, कापडांत व मोजमापांत उरले आहेत, ते पोथ्यांइतक्याच काळजीनें जपण्याजोगे आहेत.

२

आरंभीं एका शब्दाचा विचार करणें अवश्य आहे. आज मराठींत 'नेपथ्य' म्हणजे रंगमंचावरील देखावा, आणि 'नेपथ्यकार' म्हणजे तो उभारणारा. संस्कृतांत हा अर्थ नाहीं. तेथें नेपथ्य म्हणजे नटांची वेष करण्याची जागा, किंवा तो वेषच. नाटकाच्या पोथींत 'नेपथ्यांत' असें येतें तेव्हां आवाज पडद्याआडून, वेषगृहांतून येत असतो. म्हणजे जें प्रेक्षकांच्या दृष्टीआड असावयाचें, त्याचेंच नांव आपण दृष्टीसमोरच्या वस्तूला दिलें. ह्या अर्थांतरामागें रंगभूमीच्या इतिहासाचें एक मोठें स्थित्यंतर दडलेलें आहे. संस्कृत नाट्यांत देखावा म्हणून वेगळें अंग नव्हतें. स्थळाचें भान नटाचें शरीर, वाणी व वेष यांनींच करून द्यावयाचें होतें. एकोणिसाव्या शतकांत रंगविलेला पडदा आला, त्याला नांव हवें होतें, आणि जुन्या शब्दावर नवा अर्थ चढला.

३

नाट्यशास्त्राचा पाठ आपल्या हातीं कसा आला, हेंही येथें संक्षेपानें सांगितलें पाहिजे. फिट्झएडवर्ड हॉल यांनीं १८६५ मध्यें दशरूपकाच्या आवृत्तीस कांहीं अध्याय जोडून छापले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें काव्यमालेंत १८९४ सालीं सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत रामकृष्ण कवि यांनीं अभिनवभारतीसह पहिला खंड १९२६ मध्यें काढला; चौथा व अखेरचा खंड निघावयास १९६४ साल उजाडलें. अभिनवभारतीच्या पोथ्या इतक्या भ्रष्ट आहेत कीं, खुद्द अभिनवगुप्त अवतरले तरी त्यांना आपला मूळ पाठ लावणें कठीण जाईल, अशा अर्थाचा अभिप्राय कवींनीं नोंदविला आहे. मराठींत १९२८ मध्यें गोदावरी वासुदेव केतकर यांनीं नाट्यशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आमच्या जिल्ह्यांतले, चिपळूणनजीकच्या परशुराम-पेढें येथें १८८० मध्यें जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं अलंकारशास्त्राचा जो इतिहास लिहिला, त्यांत भरताच्या काळाची व पाठाची चिकित्सा आहे.

इतकें होऊनही दुसऱ्या अध्यायांतील कित्येक स्थळें अद्याप वादग्रस्तच आहेत. तीं केवळ व्याकरणानें सुटत नाहींत. तेथें गवंड्याची दोरी व सुताराचा गज लागतो.

४

दुसऱ्या अध्यायांत विकृष्ट (लांबट), चतुरस्र (चौरस) व त्र्यस्र (त्रिकोणी) असे मंडपाचे तीन आकार, आणि ज्येष्ठ, मध्य व कनिष्ठ अशीं तीन मानें दिलीं आहेत. हीं मानें अनुक्रमें १०८, ६४ व ३२ अशीं येतात. मर्त्यांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद असा विकृष्ट मंडप प्रशस्त मानला आहे. २४ अंगुळांचा हात सुमारें दीड फूट धरला, तर हा मंडप ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद होतो. त्याचे दोन समभाग करावयाचे. पुढील अर्ध प्रेक्षकांचें. मागील अर्धाचे पुन्हा दोन भाग. त्यांतील मागला १६ हातांचा भाग नेपथ्यगृह, व पुढल्या १६ हातांत रंगशीर्ष आणि रंगपीठ, प्रत्येकीं ८ हात.

मंडप याहून मोठा कां नको, ह्याचें कारणही ग्रंथांत दिलें आहे : मंडप फार मोठा झाल्यास उच्चारलेला शब्द विस्वर होतो, आणि मुखावरील भाव अस्पष्ट होतो. येथें रंगशिल्पी थांबतो व मोजतो. प्रेक्षकभाग ३२ हात म्हणजे ४८ फूट. अर्थात् अगदीं शेवटचा प्रेक्षकही रंगापासून ४८ फुटांहून दूर नाहीं. भुवई उचलली गेली तर ती त्याला दिसावी, आणि कुजबुजीचा स्वर त्याच्यापर्यंत पोंचावा, हें गणित प्रथम, इमारत मागून. मंडपाचा आकार पर्वताच्या गुहेसारखा असावा, वातायनें लहान असावीं, वारा आंत खेळूं नये, म्हणजे गायकवादकांच्या ध्वनीस गांभीर्य येईल, हेंही त्याच हिशेबाचें पुढचें पाऊल आहे. साहित्यमीमांसक ज्या सात्त्विक व आंगिक अभिनयाचें विवेचन करतो, त्याला किती अंतर सोसतें, तें दुसऱ्या अध्यायानें हातांच्या मापांत सांगून ठेवलें आहे. रससिद्धांताची ही भौतिक बाजू होय.

५

'मत्तवारणी' ह्या एका शब्दावरून ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. रंगपीठाच्या पार्श्वभागीं चार स्तंभांनीं युक्त अशी मत्तवारणी करावी, व तिची उंची दीड हात असावी, असें विधान आहे. ही वस्तु कोणती? पुष्कळ पंडित ती रंगपीठाच्या दोन्ही अंगांस असलेली ओसरी मानतात. बडोदें आवृत्तीच्या पहिल्या खंडाची सुधारलेली आवृत्ति १९५६ मध्यें निघाली, तिच्या परिशिष्टांत डी. सुब्बाराव यांनीं निराळा पक्ष मांडला : ही ओसरी नव्हे, रंगपीठाच्या दर्शनी भागीं कोरलेली मदोन्मत्त हत्तींची ओळ ती मत्तवारणी.

शब्दाची व्युत्पत्ति दोन्ही पक्षांस थोडीबहुत अनुकूल आहे. अशा वेळीं आंखणी करणारा काय पाहील? तो रुंदीचा हिशेब मांडील. मंडपाची रुंदी ३२ हात. मध्यें १६ हात रुंद व ८ हात खोल असें रंगपीठ धरलें, तर दोन्ही अंगांस ८ हातांच्या समचौरस जागा उरतात. चार खांब अशा जागेच्या चार कोनांवरच नीट बसतात. उलटपक्षीं कोरीव हत्तींच्या ओळीस चार खांबांचें प्रयोजन सांगणें अवघड जातें. रंगपीठ सबंध ३२ हात रुंद धरून मत्तवारणी मुख्य चौकोनाबाहेर काढणारा आणखी एक पक्ष आहे. पण त्यांत भिंत व छप्पर यांची जोडणी नव्यानें करावी लागते. हा निर्णय अंतिम आहे असें आमचें म्हणणें नाहीं. इतकेंच म्हणणें आहे कीं, जो अर्थ जमिनीवर आंखतां येत नाहीं, तो कोशांत शोभला तरी मंडपाच्या अध्यायांत टिकत नाहीं.

६

आतां आहार्याभिनयाकडे वळूं. आंगिक, वाचिक, सात्त्विक व आहार्य ह्या चतुर्विध अभिनयांत आहार्य शेवटचें म्हणून तें गौण, अशी समजूत बरीच रूढ आहे. ग्रंथाचा अभिप्राय तसा नाहीं. प्रयोग सर्वस्वीं आहार्यावर अधिष्ठित आहे असें भरत म्हणतो. आणि अभिनवगुप्त त्याला दिलेली उपमा चित्राला भिंत जशी, तसें अभिनयाला आहार्य, अशी आहे. भिंत नसेल तर चित्र कोठें काढावयाचें?

आहार्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव असे चार प्रकार. पुस्त म्हणजे कृत्रिम वस्तु : पर्वत, रथ, विमान, ढाल, ध्वज. चटई, कापड व चामडें जोडून केलेलें तें संधिम, यंत्रयुक्तीनें चालणारें तें व्याजिम, गुंडाळून केलेलें तें वेष्टिम. अंगरचना म्हणजे रंग लावणें. संजीव म्हणजे प्राण्यांचा प्रवेश. यांत रंगशिल्प्याच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा उपदेश वजनाविषयीं आहे. खऱ्या धातूचीं जड शस्त्रें व आभूषणें रंगावर आणूं नयेत, कारण त्यांनीं नट थकतो व त्याच्या चेष्टा मंदावतात. लाख, बांबू, हलकें लांकूड, चामडें व वस्त्र यांचीं करावीं. म्हणजे वस्तूचें खरेपण रंगावर निकष नव्हे. नटाला तिनें मोकळें ठेवलें कीं नाहीं, हा निकष. एका वाक्यांत सांगावयाचें तर हें सर्व रंगशिल्पाचें मूलसूत्र आहे, आणि तें सौंदर्यविचारही आहे व कारागिरीही.

७

कक्ष्याविभागाचा अध्याय ह्याच सूत्रास स्थळाच्या बाबतींत लावतो. रंगाचे कल्पित भाग म्हणजे कक्ष्या. नटानें परिक्रमण केलें कीं स्थळ बदललें. जे प्रथम प्रवेशले ते घरांत, मागून आलेले ते बाहेरून आले असें समजावयाचें. लांब फेरा घेतला तर दूरचा प्रवास, लहान घेतला तर जवळचा. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत रथांतून मृगाचा पाठलाग करतो. तेथें रथ व मृग दाखविण्याचा भार नटाच्या अंगावर व वर्णनाच्या श्लोकांवर आहे.

हें वाचून कोंकणांतल्या वाचकाला दशावतार आठवल्याशिवाय राहणार नाहीं. दशावताराचे मुख्य क्षेत्र असलेले दक्षिणेकडील तालुके १९८१ मध्यें सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांतच होते. आणि एका प्रचलित परंपरेप्रमाणें अठराव्या शतकांत हा खेळ कोंकणांत आणणारे श्यामजी नाईक काळे हे राजापूर तालुक्यांतील आडिवऱ्याचे. जत्रेच्या रात्रीं देवळाच्या आवारांत एक लांकडी बांक मांडला जातो. तोच सिंहासन, तोच पर्वत, तोच शय्या. त्याभोंवतीं फेरा घातला कीं राजा अरण्यांत पोंचला. आरंभीं सूत्रधार, गणपति, ऋद्धिसिद्धि, सरस्वती व संकासुर, नंतर आख्यान. संवाद नट ऐन वेळीं रचतात, म्हणून संहिता नाहीं. वेष व मुखवटे मात्र पेटाऱ्यांत पूज्यभावानें जपलेले असतात. म्हणजे वाचिकाचा कागद नाहीं, पण आहार्याचा पेटारा आहे!

ह्यावरून दशावतार हा भरताच्या नाट्याचा वंशज आहे असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. पूर्वरंगाचें साम्य दिसतें, पण साम्य म्हणजे वंश नव्हे. रित्या जागेवर नुसत्या नटाच्या बळावर खेळ उभा करावयाचा, तर ह्याच युक्त्या पुन्हा पुन्हा सुचणार. केरळांतील कूडियाट्टमची गोष्ट याहून निराळी आहे; तेथें संस्कृत नाटकें अखंड परंपरेनें खेळलीं जातात, देवळाच्या कूत्तंबलांत देखाव्याचा पडदा नसतो, आणि वेषगृहाच्या दोन दारांमध्यें मिळावु वाजविणारा बसतो; भरतानें वाद्यवृंदास नेमून दिलेली जागाही हीच आहे. तेथें परंपरेचा पुरावा बोलतो, दशावतारांत गरजेचा. दोन्ही पुरावे रंगशिल्प्याला उपयोगी आहेत, परंतु ते एकमेकांत मिसळूं नयेत.

८

मराठी रंगभूमीवर विष्णुदास भावे यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हां सूत्रधाराच्या पदांवर व सोंगांवरच खेळ उभा होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत रंगावर आलें. पुढील काळांत पारशी नाटक मंडळ्यांच्या थाटाचा परिणाम होऊन रंगविलेल्या पडद्यांचें युग आलें. जंगल, राजवाडा, रस्ता असे पडदे प्रत्येक मंडळीच्या सामानांत असावयाचेच. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर यांनीं ह्या कलेस इतकें उंच नेलें कीं प्रेक्षक पडद्यासाठींही नाटकास जाऊं लागले.

कलेच्या दृष्टीनें येथें एक पेंच उत्पन्न झाला. नटानें पदांतून तपोवनाचें वर्णन करावें, आणि तेंच तपोवन त्याच्या पाठीमागें आधींच रंगवून टांगलेलें असावें, म्हणजे एकच गोष्ट दोनदां सांगितली जाते. शास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर उद्दीपनविभाव नटाच्या हातून निसटून कापडावर गेला. पडदा सुंदर असे, परंतु तो भिंत न राहतां स्वतःच चित्र होऊन बसला.

ह्या पेंचांतून बाहेर पडण्याचा पहिला मार्ग वास्तववादाचा होता, आणि त्यांत आमच्या जिल्ह्याचा वांटा आहे. चिपळूण येथें १८८३ मध्यें जन्मलेले भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर यांचें 'सत्तेचे गुलाम' हें नाटक ललितकलादर्श मंडळीनें १९२२ सालीं रंगावर आणलें. मंडळीचे रंगशिल्पी पु. श्री. काळे यांनीं लोंबत्या पडद्याच्या जागीं भिंती व दारें असलेली खोली उभी केली. १९३३ मध्यें नाट्यमन्वंतरानें 'आंधळ्यांची शाळा' ह्याच दिशेनें पुढें नेली. काळ्यांनीं 'ललितकलेच्या सहवासांत' ह्या पुस्तकांत आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, हा त्यांचा इतिहासावर उपकार होय.

९

दुसरा मार्ग अधिक मूलगामी : रंगशिल्प्यानें स्वतःच शास्त्राला प्रश्न विचारावयाचा. युरोपांत एडवर्ड गॉर्डन क्रेग ह्या रंगशिल्प्यानें रंगविलेल्या देखाव्याविरुद्ध बंड केलें, व भारतीयांच्या जुन्या नाट्यग्रंथांविषयीं आनंद कुमारस्वामी यांच्याकडे पृच्छा केली. कुमारस्वामींनीं नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणाचें इंग्रजी भाषांतर १९१७ मध्यें प्रसिद्ध केलें, त्याच्या प्रस्तावनेंत क्रेगच्या ह्या जिज्ञासेचा निर्देश आहे. ज्या ग्रंथाकडे पंडित पाठशुद्धीसाठीं पाहत होते, त्याकडे एक देखावे करणारा गृहस्थ उपाय म्हणून पाहत होता, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

महाराष्ट्रांत हें स्थान दत्तात्रेय गणेश गोडसे यांचें. जन्म ३ जुलै १९१४, जळगांव जिल्ह्यांतील वढोदें. चित्रकलेचें शिक्षण लंडनच्या स्लेड विद्यालयांत. मृत्यु ५ जानेवारी १९९२. शंभराहून अधिक नाटकांचें नेपथ्य त्यांनीं केलें, आणि तेवढ्यावर न थांबतां कलामीमांसा व इतिहास ह्या दोन्ही प्रांतांत ग्रंथ लिहिले. 'पोत' १९६३ मध्यें, 'शक्तिसौष्ठव' १९७२ मध्यें, 'गतिमानी' १९७६ मध्यें. 'मस्तानी' हें तर शुद्ध इतिहाससंशोधनाच्या वाटेवरचें पुस्तक. बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यमीमांसेशीं त्यांनीं मतभेद मांडला. मर्ढेकर कवि होते. लय ही त्यांची मूळ कल्पना. गोडशांनीं घेतलेला 'पोत' हा शब्द विणकराचा आहे. गोणपाट आणि मखमल एकाच रंगांत बुडविलीं तरी दिव्याखालीं तीं वेगळीं बोलतात, हें ज्यानें हातानें अनुभविलें, त्यालाच हा शब्द सौंदर्यशास्त्रांत आणावासा वाटेल. आहार्याच्या अध्यायांत लाख, चामडें व बांबू यांची जी निवड सांगितली आहे, तिचेंच हें आधुनिक चिंतन आहे असें आम्हांस वाटतें. रंगशिल्पी केवळ सिद्धांताचा ग्राहक नसतो. वस्तु हाताळतां हाताळतां तो सिद्धांताला नवी परिभाषा देतो.

१०

आतां ह्या चर्चेचा संग्राहकांशीं असलेला संबंध सांगून लेख आटोपतों. रंगशिल्प्याचें भाष्य पोथींत उतरत नाहीं. तें आराखड्यांत, पडद्यांच्या यादींत, रंग व कापड यांच्या हिशेबांत, मंडळ्यांच्या कीर्दखतावणींत, जाहिरातींच्या कागदांत असतें. प्रयोग संपला कीं हें सर्व रद्दी ठरतें. पडद्याचें कापड धुऊन पुन्हा वापरलें जातें. त्यांत कोंकणची हवा कागदास प्रतिकूल. जुलै २०२१ च्या महापुरांत चिपळूण शहर बुडालें, तेव्हां तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंग्रहाचीही हानि झाली. कोल्हापुरांत छत्रपति शाहू महाराजांनीं बांधविलेलें, पुढें केशवराव भोसले यांचें नांव मिळालेलें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत जळालें. ज्या वास्तूंत पडदायुगाचा थाट प्रत्यक्ष मोजतां आला असता, ती अशी एका रात्रींत गेली. पाणी आणि अग्नि ह्या दोहोंना पोथी व पडदा यांतला भेद कळत नाहीं.

म्हणून सूचना अशी कीं, ज्यांच्या घरीं नाटक मंडळ्यांचीं दप्तरें असतील त्यांनीं आराखडे व हिशेब एकमेकांपासून वेगळे करूं नयेत. आराखड्याची तारीख बहुधा हिशेबावरूनच ठरते. प्रत्येक चिठोऱ्यावर मिळाल्याचें ठिकाण व साल लिहावें. ज्या देवळांच्या आवारांत दशावतार होतो, त्या जागेची लांबी, रुंदी, बांकाची जागा व शेवटच्या प्रेक्षकाचें अंतर मोजून टिपून ठेवावें. जुन्या पेटाऱ्यांतील वस्तूंची यादी त्यांच्या धन्यांच्या संमतीनें व पूजेचा मान राखून करावी. जुने पडदे रंगविणारे जे कारागीर हयात असतील, त्यांच्याकडून रंगाचीं व खळीचीं प्रमाणें विचारून घ्यावीं. हें काम पाठभेद टिपण्याच्याच जातीचें आहे. दुसऱ्या अध्यायांतील ६४ हातांचा मंडप कागदावर आपण पुष्कळदां मांडला. आपल्या गांवच्या देवळासमोरचा मंडप एकदां दोरी धरून मोजला, तर त्या जुन्या आंकड्यांचा अर्थही अधिक उलगडेल, आणि पुढील संशोधकाला आपल्या काळचा एक विश्वसनीय पुरावा मिळेल.